कचऱ्याच्या डोंगरावरचा नॉर्वे

वुब्बे डोर्नबोस दर नोव्हेंबरात आपिंगेडामच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत व्याख्यान द्यायचा, आणि 'समोरचा वारा' या सायकल मंडळाचे सगळे निवृत्त सभासद ते ऐकायला झाडून यायचे. विषय ठरलेला: उत्तरेकडच्या महागड्या देशांत, मुख्यतः नॉर्वेत, सायकलवरून स्वस्तात कसं फिरावं. खोली फुकट, कॉफी मंडळाची, आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा वुब्बेच्या बायकोच्या, फेन्नाच्या हातात. ती प्रत्येकाच्या बशीत एक बिस्किट ठेवायची आणि टप् करून झाकण लावायची. दुसरं कुणी मागत नाही. ग्रोनिंगेनच्या या सपाट मुलखात दुसरं बिस्किट मागणाऱ्याचं नाव पुढची काही वर्षं घराघरांत निघतं.

चिक्कू माणसं जगात पुष्कळ आहेत. पण चिक्कूपणाला शास्त्र करून ते चारचौघांना शिकवणारा वुब्बेसारखा एखादाच. त्याचा पहिला नियम असा की, तिकडे उत्तरेत काहीही विकत घ्यायचं नाही. वाटाण्याच्या सुपाचे डबे, राईचा काळा पाव, चीजचा अख्खा गोळा, शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी, कॉफी, साखर, टॉयलेट पेपर, सगळं इथूनच पिशव्यांत भरून न्यायचं. तंबू कुठंही ठोकावा, तिकडच्या कायद्याने कुणाच्या घराला खेटून नसला आणि शेतात नसला की रात्रभर मुक्काम करता येतो. पाणी ओढ्याचं, आंघोळ तळ्यात. "साबण मात्र घरचा," असं तो बोट वर करून म्हणायचा आणि लोक ते लिहून घ्यायचे. साबण घरचा, हेसुद्धा! शिकलेसवरलेले लोक, कुणी बँकेत होतं, कुणी शाळेत, आणि साबणाबद्दल लिहून घेत होते.

फोटो तो कधी दाखवायचा नाही. नुसते नकाशे. मंडळातल्या कुणी विचारलंच तर म्हणायचा, "फोटो काढत बसणारा माणूस प्रवास करत नाही." यावरही माना डोलायच्या.

फोटो नव्हते याचं कारण सरळ होतं. वुब्बेने नॉर्वे पाहिलाच नव्हता.

दोघांचे केस काळे होते तेव्हा तो आणि फेन्ना एकदा निघाले होते खरे. डेन्मार्कात ऑल्बोर्गपर्यंत गेले. सगळी वाट वारा नाकावर. ऑल्बोर्गला वुब्बेला कळलं की पुढच्या जहाजाचं भाडं त्याच्याकडच्या जुन्या पत्रकापेक्षा वाढलंय. तो स्टेशनाच्या पायरीवर बसला, घरून नेलेलं उकडलेलं अंडं सोलून खाल्लं आणि म्हणाला, "तत्त्वाचा प्रश्न आहे." मग सायकल वळवली. परत येताना वारा पाठीवर होता आणि तो शीळ घालत आला. त्यानंतर त्याच्या बोलण्यात 'तिकडे उत्तरेत' हे शब्द यायला लागले. मी गेलो होतो असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणायची गरजच पडली नाही, ऐकणारे आपणहून तसं धरून चालले. पाणी खात्याच्या कचेरीत कारकुनी केलेला माणूस, आपल्या सहीखाली काय येऊ द्यायचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक.

फेन्ना गप्प राहिली. आधी लाज वाटली म्हणून, नंतर सवयीने. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेली बाई, मुलाने उत्तरात एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापायची. आणि इथं बिस्किटं वाटत ऐकायची.

मागच्या रांगेत भिंतीकडेला आल्बर्डिना बसायची. टपाल खात्यात पत्रं निवडण्याचं काम केलेली, सडसडीत, कमी बोलणारी. म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिची सायकल कधी जिल्ह्याबाहेर गेली नव्हती. पण व्याख्यान तिनं सहा हिवाळ्यांत एकदाही चुकवलं नाही. फेन्नाशेजारी बसून ऐकायची. एकदा कॉफी पिता पिता म्हणाली होती, "मला ना, एकदा समुद्र खाली बघायचाय."

"खाली म्हणजे?"

"आपल्याकडे समुद्र बघायचा तर बांधावर चढून जावं लागतं. चढून बघावं तर तो आपल्या बरोबरीला. बांध नसता तर माझ्या स्वयंपाकघरात शिरला असता. जन्मभर त्याला भिऊन राहिले मी. एकदा कड्यावर उभं राहून त्याच्याकडे वरून बघायचंय. बस."

आल्बर्डिनाची आई वारली त्या हिवाळ्यात फेन्नाचा वाढदिवस आला. दिवाणखान्यात भिंतीला लावून खुर्च्या गोल मांडलेल्या. येणारा प्रत्येक जण वाढदिवस असलेल्या बाईला, तिच्या नवऱ्याला, शेजाऱ्याला, शेजाऱ्याच्या मेहुण्याला, सगळ्यांना हात मिळवून अभिनंदन करत गोल पुरा करणार आणि मगच बसणार. आल्बर्डिनाने गोल पुरा केला, केकचा तुकडा मांडीवर घेतला आणि म्हणाली, "वुब्बे, मी जहाजाचं तिकीट काढलं. मे महिन्यात नॉर्वेला निघतेय. तुझ्या व्याख्यानातल्या आराखड्यानं."

गोलातून हर्षाचा एक उद्गार फिरला. वुब्बेचा चमचा केकमध्येच राहिला.

"एकटी?" त्याने विचारलं.

"मग कोण येणार? माझ्या पेन्शनीत दोघं मावत नाहीत. मंडळात तुझाच आराखडा मला परवडणारा. बाकीचे हॉटेलांच्या गोष्टी करतात. फक्त एक सांग, चढाचं काय? तुझ्या नकाशात कुठंच दिसत नाही."

"चढ?" वुब्बे हसला. गोलात चार माणसं असली की त्याला हसायला यायचंच. "अगं, जानेवारीत डेल्फझाइलच्या बांधावर वारा समोरून येतो तेव्हा सायकल चालवतेस की नाही?"

"चालवते."

"मग? वाऱ्याला अंत नसतो. चढाला टोक असतं. जो वारा कापतो त्याला चढाचं काय भय?"

"बरोबर आहे," मंडळाचा सीर्ट म्हणाला. लठ्ठ, लालबुंद, जुना बेकरीवाला. "आपला वारा म्हणजेच आपला डोंगर." सगळ्या गोलाने मान डोलावली. सगळ्या गोलाचा जन्म समुद्रसपाटीला गेलेला. या लोकांना नकाशावरचं अंतर दिसतं, उंची दिसतच नाही, कारण ती त्यांच्या जगात नाहीच. पूल चढून उतरले की दम लागल्यासारखं करायचं, एवढीच त्यांची गिर्यारोहणाची हौस.

पाहुणे गेल्यावर फेन्ना बशा विसळत म्हणाली, "तिला सांग."

"काय सांगू?"

"तू तिथं गेलेला नाहीस ते."

"मी कधी म्हटलं, गेलो म्हणून?"

"वुब्बे, तू तिला रोज शंभर किलोमीटर लावून दिलेत. तेही सगळ्या महिन्याचं अन्न सायकलवर लादून. नकाशावर सरळ दिसतो तो रस्ता बोगद्यातून जातो, त्यात सायकलीला शिरू देत नाहीत. मग ती डोंगरावरून जाणार. तुला डोंगरावरून म्हणजे काय ते माहीतंय?"

"तुला तरी कुठं माहीतंय?"

"मला गणित येतं."

वुब्बेने फडका घडी करून दांडीवर टाकला, कडा जुळवून. "अगं, एवढी कशाला घाबरतेस? ती तिथवर पोचणारच नाही. डेन्मार्कात वारा लागेल, दमेल, परत येईल. सगळे येतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"लोक," वुब्बे म्हणाला आणि बातम्या लावायला गेला.

फेन्ना हातात ओली बशी धरून उभी राहिली. नवऱ्याची कीव तिला अनेकदा आली होती, राग रोजच यायचा, पण आज प्रथमच तिला त्याची शिसारी आली. त्याच्या आराखड्याचं खरं टोक ते हेच होतं तर: दुसऱ्यानेही ऑल्बोर्गवरून वळावं आणि याचं परत वळणं झाकलं जावं.

तिनं त्याच क्षणी फोन उचलून आल्बर्डिनाला सांगायला हवं होतं. उचलला नाही. 'तो गेलेला नाही' एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न 'मग तू कशी गप्प होतीस?' हाच येणार. तेव्हा तिनं भित्र्या शहाण्या माणसांसारखी युक्ती काढली. आपण बोलायला नको, डोंगरच बोलेल. आता या देशात डोंगर आणायचा कुठून? तर कचऱ्याचा.

ड्रेन्थे जिल्ह्यात वाइस्टरजवळ गावोगावचा केर वर्षानुवर्षं टाकून टाकून मोठी टेकडी झाली. तिच्यावर माती घातली, गवत लावलं, दगडी फरशीचे नि डांबरी रस्ते केले, आणि आता देशभरचे सायकलवाले तिथं चढाचा सराव करायला येतात. जमीन सपाट असली की माणसं आपल्याच घाणीचा डोंगर करतात आणि त्यावर चढून छाती फुगवतात. असो. फेन्नाने मंडळात सुचवलं: आल्बर्डिनाला निरोप म्हणून तिथं सहल काढू, आणि वुब्बे भरलेल्या पिशव्यांसकट चढून दाखवेल. टाळ्या पडल्या. वुब्बेला नाही म्हणता येईना. फुशारकीचा हा एक फायदा, ती माणसाला मागे सरकू देत नाही.

एप्रिलातल्या एका रविवारी सीर्टच्या व्हॅनमधून सायकली वाइस्टरला उतरल्या. वुब्बेच्या सायकलीला पुढं दोन, मागं दोन पिशव्या आणि कॅरियरवर तंबू. आल्बर्डिनाचीही तशीच, त्याच्याच नियमाने भरलेली. सायकल उभी करायला दोघांनी धरावी लागत होती.

"चला, नॉर्वे!" सीर्ट ओरडला.

वुब्बे निघाला. पायथ्याचा हलका चढ त्याने हात हलवत पार केला. मग रस्ता वळला, फरशी सुरू झाली आणि त्याचे पाय जड पडायला लागले. पायडल एकदा फिरलं, अर्धं फिरलं, थांबलं. माणूस आणि सायकल क्षणभर जागच्या जागी उभी राहिली, आणि मग दोघं सावकाश कलंडून गवतात पडली. पिशवीचा बंद सुटला. वाटाण्याच्या सुपाचे डबे एकामागून एक उताराला लागले, खणखणत, मंडळाच्या पायांमधून.

"वुब्बे, याला टोक आहे ना रे?" सीर्टने खालून विचारलं. लोक हसले, पण प्रेमानं. त्यांच्या लेखी ही गंमत होती.

आल्बर्डिना हसली नाही. तिनंही प्रयत्न केला, थोडं वर गेली, उतरली, ढकलायला लागली, तर सायकल तिलाच मागे ओढायला लागली. तिनं ती गवतात आडवी केली आणि घाम पुसत वुब्बेपाशी आली. तो चष्म्याची काच शर्टाला पुसत बसला होता.

"वुब्बे, नॉर्वेत असे किती?"

"तिथले रस्ते चांगले असतात."

"किती?"

"म्हणजे वळणावळणाचे असतात, त्यामुळे चढ तसा जाणवत..."

"हा चढ आपल्या चर्चच्या मनोऱ्याहून थोडाच उंच आहे. तिथं असे दिवसाला किती? तुला आठवत असेल ना? तू गेलायस ना?"

वुब्बे काच पुसत राहिला. फेन्नाने ठरवलं होतं डोंगर बोलेल, पण डोंगर जेवढं बोलायचं तेवढं बोलून गप्प झाला होता. उरलेलं तिच्याच वाट्याला आलं.

"आम्ही ऑल्बोर्गहून परत आलो," ती म्हणाली. "त्यापुढं आम्ही काही पाहिलेलं नाही."

"ऑल्बोर्ग?" सीर्टचे डोळे विस्फारले. "तिथं तर माझी सासू बसनं जाऊन आलीय!"

"मी कधी म्हटलं, गेलो म्हणून?" वुब्बे उभा राहिला. "कुणी दाखवावं. एक वाक्य दाखवावं. मी म्हणालो, तिकडे उत्तरेत असं असतं. असतं की नाही असं? खोटं काय त्यात?"

मग एक म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "ऑल्बोर्गला वारा समोरून असेल." आणि दोघाचौघांनी माना डोलावल्या. वाऱ्याच्या नावावर या लोकांत सगळं माफ असतं.

आल्बर्डिना पिशव्या उघडून बसली. डबे, बरण्या, चीजचा गोळा, एकेक काढून तिनं वुब्बेच्या पायाशी रचलं. फेन्ना मदतीला वाकली तर तिनं तिचा हात बाजूला केला.

"त्याचं सोड," ती हळू आवाजात म्हणाली. "तो तसाच आहे, बोलल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. पण तू? सहा हिवाळे माझ्या शेजारी बसून कॉफी प्यायलीस. समुद्राचं मी तुलाच सांगितलं होतं."

"मी बोलणार होते."

"कधी? मला दरीतून वर काढल्यावर?"

"आल्बर्डिना, मी नवीन आराखडा करून देते. चढासकट. मला येतं ते."

"नको. ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारीन."

मग ती रिकामी सायकल घेऊन पुन्हा चढाला लागली. दगडी भागात उतरली, ढकलली, पुन्हा बसली. वर पोचली तेव्हा एवढीशी दिसत होती. वर जाऊन तिनं काय पाहिलं? चहूकडे सपाटी, गुरं, पवनचक्क्या. समुद्र नाहीच. थोडा वेळ उभी राहिली आणि उतरली. परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये ती सीर्टशेजारी पुढे बसली.

मे महिन्यात ती गेली. फेन्नाला निरोप नव्हता.

त्या उन्हाळ्यात वुब्बेला डेन्मार्कच्या हवामानाचा नाद लागला. सकाळी पावाला लोणी लावता लावता तो ते बघायचा आणि गंभीर चेहरा करून म्हणायचा, "आज वायव्येकडून जोराचा आहे. सरळ तोंडावर." चेहरा गंभीर, पण लोणी कसं अगदी कोपऱ्यापर्यंत लावायचा. रस्त्यात सायकलची घंटी वाजली की खिडकीशी जायचा, आल्बर्डिना परतली की काय बघायला. एकदा तर पडदा धरून इतका वेळ उभा राहिला की फेन्ना म्हणाली, "बस खाली. ती वळणारी नाही."

"तुला काय माहीत?"

"ती अंडं सोलत बसत नाही."

वायव्येचा वारा येऊन गेला, नैर्ऋत्येचा येऊन गेला. बीट काढायला आलं, शेतांवर धुकं धरायला लागलं. घंटी वाजली ती शेजाऱ्यांची.

नोव्हेंबरात मंडळाने पुन्हा वुब्बेचंच व्याख्यान लावलं. का, तर खोली त्याच्या नावावर वर्षासाठी आधीच राखून ठेवलेली आणि फुकट. फेन्नाला वाटलं, आता तरी हा नाही म्हणेल. माणसाच्या अंगात लाजेचं एखादं हाड असतं असा तिचा उगाच समज होता. वुब्बे इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला आणि म्हणाला, "तिकडे उत्तरेत जाणारे बहुतेक जण एक चूक करतात. चढ विसरतात आणि ओझं फार घेतात."

फेन्नाच्या हातात डबा होता म्हणून, नाहीतर तिनं काहीतरी फेकलं असतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि आल्बर्डिना आत आली. नाकाचं कातडं सोललेलं, हात रापलेले. भिंतीकडेच्या आपल्या जुन्या खुर्चीवर येऊन बसली, कोट न काढता.

"वुब्बे, तू बस," सीर्ट म्हणाला. "अगं आल्बर्डिना, तू बोल."

"मी काय बोलू? मला व्याख्यान येत नाही."

"गेलीस ना?"

"गेले." ती बसूनच बोलली. "रोज थोडं थोडं जायचं. चढ आला की उतरून ढकलायचं, लाजायचं नाही. अगदीच जमेना तर बसमध्ये सायकल टाकायची, घेतात ते. पाव तिथलाच घ्यायचा, टोमॅटोतला डबाबंद मासा स्वस्त मिळतो, तो त्यावर. चार-पाच महिने तेच. आता मला मासा नको झालाय. बोगद्यात शिरायचं नाही. तंबूचं वुब्बे म्हणाला होता ते खरंय, कुणी हाकलत नाही. एवढंच."

"मी तेच म्हणत होतो," वुब्बे खुर्चीवरून म्हणाला.

कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. लोक आल्बर्डिनाला घाट, पाऊस, डास विचारायला लागले आणि ती हो-नाही करत उत्तरं देत राहिली. फेन्ना डबा घेऊन रांगेरांगेने फिरत शेवटी भिंतीपाशी आली. आल्बर्डिनाच्या बशीत तिनं एक बिस्किट ठेवलं. आल्बर्डिनाने वर बघितलं नाही.

फेन्ना पुढं सरकली नाही. "खाली होता का?" तिनं विचारलं.

आल्बर्डिनाने मान वर केली. एप्रिलनंतर प्रथमच तिनं फेन्नाकडे सरळ बघितलं.

"होता," ती म्हणाली. "इतका खाली, की कड्याच्या टोकाशी पोटावर झोपून बघितला. जन्मभर भिववलं मेल्यानं. थुंकावंसं वाटलं."

"मग?"

"थुंकले."

फेन्नाच्या तोंडून हसू फुटलं, एकदम, मोठ्याने. वुब्बेने वळून कपाळाला आठ्या घातल्या. आल्बर्डिनाने बशीतलं बिस्किट दोन घासांत संपवलं आणि हात पुढे केला. सगळी खोली बघत होती. फेन्नाने झाकण लावलं नाही. डबा तिच्यासमोर धरून उभी राहिली, आणि आल्बर्डिनाने सावकाश, निवडून, दुसरं बिस्किट उचललं.